एकशे बहात्तर सेंटिमीटरचे मास्तर

श्वासतपासणीच्या खोलीत दारापासून खुर्चीपर्यंत बरोबर अकरा फरश्या होत्या, आणि पेशंट त्या अकरा फरश्या कसा चालतो यावरून त्याचं फुप्फुस किती टक्के चालतंय हे ओळखायचा एक खेळ तिथले दोन तंत्रज्ञ गेली चार वर्षं खेळत होते. खेळ हॉस्पिटलच्या नियमावलीत बसणारा नव्हता, पण त्याच्याविरुद्धही नियमावलीत काही नव्हतं, कारण असं काही कुणाला सुचेल हे नियमावली लिहिणाऱ्यांना सुचलं नव्हतं. पेशंट आत शिरला की दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून ती उलटी ठेवायची. मग पेशंटने मशीनच्या नळीत फुंकायचं. ज्याचा आकडा जास्त चुकेल त्याने संध्याकाळी त्या पेशंटच्या नळ्या धुवायच्या.

दोघांपैकी एकाला सगळे भोंगा म्हणत. "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका" हे तो इतक्या जोरात सांगायचा की बाहेर बाकावर बसलेले लोकही नकळत फुंकायला लागत. दुसरी फुंकणी. हे नाव भोंग्यानेच ठेवलेलं, आणि तिने ते चालवून घेतलं होतं, कारण चार वर्षांत बहुतेक नळ्या भोंग्याने धुतल्या होत्या. तिचा अंदाज तीन टक्क्यांपलीकडे कधी चुकला नव्हता. कसं जमतं ते तिला सांगता येत नसे. कोण कितव्या फरशीवर थबकतं, खुर्ची दिसल्यावर कुणाचे खांदे उतरतात, कोण बोलत बोलत येतं आणि कोण येऊन बसल्यावर मग बोलतं, हे सगळं डोळे परस्पर मोजायचे आणि तयार आकडा हातात द्यायचे.

त्या मंगळवारी अकरा वाजता दारातून आत आले ते तिचे वडील.

नात्यातल्या माणसाची तपासणी स्वतः करायची नाही, हे मात्र नियमावलीत होतं. म्हणून ती काचेपलीकडे उभी राहिली आणि मशीनवर भोंगा बसला. वडिलांना सगळं जग मास्तर म्हणायचं. तेहतीस वर्षं ते लोकांना गाडी चालवायला शिकवत आले होते, म्हणजे शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर जीव टांगून जगत आले होते. त्यामुळे त्यांचा उजवा पाय कुठेही ब्रेक दाबायचा. जेवताना, नाटक बघताना, जिन्यावरून कुणी भरभर उतरताना दिसलं तरी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांचे सांधे सुजले आणि वाकडे झाले. सांधेवात, असं निदान झालं. गेल्या वर्षी तोच आजार फुप्फुसात शिरला. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटली आहे, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तेव्हा मास्तरांनी विचारलं होतं की म्हणजे माझ्याच गाडीने मला मागून ठोकलं आणि वर चूकही माझीच, असंच ना. डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला आणि साधारण तसंच, असं सांगितलं.

मास्तर सातव्या फरशीवर थबकले. थबकलो नाही, पंखा बघतोय, असं दाखवण्यासाठी त्यांनी वर पाहिलं. तिथे पंखा नव्हता. मग उरलेल्या चार फरश्या चालून ते खुर्चीत बसले.

फुंकणीने चिठ्ठीकडे पाहिलं तर तिच्यावर चोपन्न लिहून झालं होतं. हे आपले वडील आहेत हे डोक्यात येण्याआधी हाताने काम उरकलं होतं.

मशीनने अठ्ठेचाळीस सांगितलं. तीन वेळा फुंकून झालं, तिन्ही वेळा अठ्ठेचाळीस. भोंग्याच्या चिठ्ठीवर पन्नास होतं, म्हणजे तो जिंकला होता. एरवी तो जिंकला की आठवडाभर खोलीत राहणं मुश्कील व्हायचं. आज त्याने दोन्ही चिठ्ठ्या खिशात टाकल्या आणि म्हणाला, "राहू दे, नळ्या मी धुतो."

फुंकणीला पहिल्यांदा भीती वाटली ती अठ्ठेचाळीसने नाही, या वाक्याने.

साडेअकराला डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही आत बोलावलं. तिघं म्हणजे मास्तर, फुंकणी आणि आई. आई शाळेचे गणवेश शिवायची आणि कुठेही जाताना बिनबटणांचे पाचसहा शर्ट पिशवीत घेऊन जायची. ती डॉक्टरीणबाईंसमोरही बटणंच लावत होती. डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता पुढे ओढला. वयाचा एक गुण, पुरुष असल्याचा एक गुण.

"पुरुष असल्याचा गुण आहे हे हिला जरा मोठ्याने सांगा," मास्तर म्हणाले.

इथे गुण जितके जास्त तितकं वाईट, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आईने मान न उचलता, मग बरोबर आहे, असं म्हटलं.

फुंकण्याची टक्केवारी पन्नासच्या आत, म्हणून दोन गुण. फुप्फुसातून रक्तात वायू किती झिरपतो ती दुसरी टक्केवारी चौतीस. तिथे पस्तिसाची मर्यादा होती, म्हणजे एका टक्क्याने हुकली, म्हणून आणखी दोन. एकूण सहा. सहा म्हणजे तिसरा गट. अशा शंभर माणसांतली अडतीस माणसं वर्षभरात जातात, असं तक्ता सांगत होता. आणि नव्या औषधाचा जो अभ्यास हॉस्पिटलात चालू होता, ज्यासाठी मास्तरांना आज बोलावलं होतं, त्यात फक्त पहिल्या आणि दुसऱ्या गटातली माणसं घेत होते. नावं द्यायची मुदत आज चार वाजेपर्यंत. एक जागा शिल्लक होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे माझ्या हातात असतं तर गोष्ट वेगळी होती.

आईने दोरा तोडून पुढचं बटण घेतलं.

मग मास्तरांनी विचारलं, "बाकीचे नव्व्याण्णव कोण?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की खरेखुरे नव्व्याण्णव असे नाहीत, हा एक हिशोब आहे. मास्तरांना ते पटलं नाही. तुम्ही मला एका बॅचमध्ये घातलंय, त्यातले अडतीस नापास होणार म्हणताय, तर निदान बॅच तरी दाखवा, असं त्यांचं म्हणणं. आपण तीन हजार लोकांना गाडी शिकवली, नापास कोण होणार ते पहिल्या वळणावर ओळखलं, पण तोंड बघितल्याशिवाय कधी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर ते बाकावर बसले आणि समोरच्या लोकांकडे एकेक करून बघायला लागले. त्यांचा उजवा पाय फरशी दाबत होता.

फुंकणी आपल्या खोलीत आली, बसली, उठली, पुन्हा बसली. सहा टक्के. सहा टक्क्यांनी ती कधीच चुकली नव्हती. याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर मशीन बिघडलं होतं, नाही तर ती. मशीन बरोबर असेल तर सकाळी तिच्या डोळ्यांनी बापाला सहा टक्के उगाच वाढवून दिले होते, जसे काही मास्तर लोक परीक्षेत ओळखीच्या पोराला देतात. आणि तसं असेल तर या डोळ्यांवर पुढे कुठल्याच बाबतीत विश्वास ठेवता येणार नव्हता. गेले वर्षभर बाबा घरी बरे वाटतात असं तिला वाटत होतं, त्याही बाबतीत.

तिने मशीन तपासायला घेतलं. तीन लिटरचा मोठा पंप जोडून हवा ढकलली, मशीनने तीन लिटर सांगितलं. पुन्हा ढकलली, पुन्हा तीन. खोलीचं तापमान बरोबर होतं. तिने भोंग्याला फुंकायला लावलं, त्याचे नेहमीचे एकशे दहा आले. स्वतः फुंकलं, सत्त्याण्णव. मग दाराशी उभ्या वॉचमनला आत ओढलं. तो बिचारा काही न विचारता फुंकायला तयार झाला. त्याचा अंदाज तिने आधीच चिठ्ठीवर लिहिला होता, एकशे दोन. मशीन म्हणालं एकशे दोन. वॉचमनने याचा काही दाखला मिळेल का, असं विचारलं. घरी दाखवायचं होतं.

म्हणजे मशीन बरोबर होतं आणि तीही बरोबर होती. ही बातमी चांगली की वाईट हे तिला कळेना. वॉचमनच्या बाबतीत बरोबर आणि बापाच्या बाबतीत चूक, हे तर अगदी बिघडलेल्या माणसाचं लक्षण झालं.

"तू आधी एका जागी बस बघू," भोंगा म्हणाला. "तुझ्याकडे बघून मलाच दम लागतोय."

ती बसली नाही. घड्याळात सव्वादोन झाले होते. तिने मास्तरांचा कागद पुन्हा काढला आणि वरपासून वाचायला लागली, तो रोज दहा वेळा हाताळलेला कागद, ज्याच्या वरच्या चार ओळी कुणीच वाचत नाही. वय त्रेसष्ट. वजन अठ्ठावन्न. उंची एकशे बहात्तर. फुंकलेली हवा एक पूर्णांक ब्याण्णव लिटर.

तिची नजर लिटरवरून परत उंचीवर गेली.

मशीन मोजतं ते लिटर. टक्के ते मोजत नाही. टक्के काढायला ते पाहतं की या वयाच्या, या उंचीच्या धडधाकट माणसाने किती लिटर फुंकायला हवं होतं. उंच माणसाचं फुप्फुस मोठं, म्हणून त्याच्याकडून अपेक्षा जास्त. म्हणजे मशीन सकाळपासून एका एकशे बहात्तर सेंटिमीटरच्या माणसाच्या अपेक्षा घेऊन बसलं होतं. तिच्या डोळ्यांनी मात्र अकरा फरश्यांवरून जो माणूस चालताना पाहिला होता तो नुसताच तिथे होता तेवढा होता.

"बाबांची उंची तू मोजलीस?" तिने विचारलं.

भोंगा हातातल्या नळीकडे बघायला लागला.

नियम असा होता की प्रत्येक पेशंटचे बूट काढून, पाठ भिंतीला लावून उंची दर वेळी नव्याने मोजायची. भोंग्याने चार वर्षांत हा नियम कधी मोडला नव्हता. पण आज काकांच्या त्या वाकड्या बोटांकडे आणि बुटांच्या लेसकडे बघून त्याला सांगवेना. आपण खाली बसून सोडाव्यात तर काका अवघडतील असं वाटलं. शेवटी आपल्याच घरचे म्हणून त्याने नुसतं विचारलं. काकांनी लगेच सांगितलं, एकशे बहात्तर. गेल्या वर्षीच्या दुसरीकडच्या कागदावरही एकशे बहात्तरच होतं. लायसन्सवरही.

फुंकणीलाही हा आकडा पाठ होता. लहानपणापासून घरात तो वाढदिवसाच्या तारखेसारखा होता. आता पहिल्यांदाच तिला आठवलं की घरातल्या एकाही फोटोत बाबा आणि आई एका पातळीवर उभे नाहीत. बाबा पायरीवर असायचे, किंवा आई बसलेली असायची. आणि बाबांचे सगळे बूट जाड टाचेचे. ब्रेकवर पकड बसते म्हणून, असं ते सांगायचे.

"मोजायला पाहिजे," ती म्हणाली.

"एक विचारू? हे तू बरोबर आकड्यासाठी करतेयस की काकांसाठी?"

"मला माहीत नाही. म्हणून मोजायचं तू. मी आतसुद्धा येणार नाही."

मास्तर बाकावर तेवढ्यात बरेच पुढे गेले होते. समोरच्या सतरा जणांपैकी सात त्यांनी बॅचमध्ये घेतले होते. फुंकणी त्यांच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली की बूट काढून उंची मोजायची राहिली आहे. त्यांचा पाय जागच्या जागी थांबला. दुसऱ्या बाजूला आई चौथ्या शर्टावर होती.

"सांगितली की सकाळी," मास्तर म्हणाले.

"खरी सांगितली?"

त्यांनी आईकडे पाहिलं, मग फुंकणीचं मनगट धरून तिला पाण्याच्या पिंपापर्यंत नेलं. एवढ्या अंतरात ते दोनदा थांबले. तिथे, पिंपाकडे बघत, त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. पहिल्या भेटीत आईने आपली उंची एकशे अडुसष्ट सांगितली होती. समोर बसलेल्या मुलीची उंची एकशे अडुसष्ट आहे म्हटल्यावर एकशे चौसष्टचा माणूस काय करणार? त्यांनी चार वाढवून बरोबरी करायची ठरवली, पण तोंडातून आठ निघाले. पुढे लायसन्स काढताना फॉर्मवर तेच लिहावं लागलं, कारण ती शेजारी उभी होती.

"बाबा, या आठ सेंटिमीटरमुळे औषध हातचं जाईल."

"आणि तिला कळलं तर? तीन हजार लोकांना मी शिकवत आलो की फॉर्म खरा भरा."

"अडतीस जातात म्हणाल्या त्या, ऐकलंत ना?"

"बासष्ट राहतात, तेही ऐकलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांना ढास लागली. ढास संपेपर्यंत ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. हाताखालची पाठ तिला माहीत होती त्यापेक्षा लहान वाटली. तीन वाजून गेले होते. तिला पळत सुटावंसं वाटत होतं आणि पळून जायला जागा म्हणजे फक्त ती अकरा फरश्यांची खोली होती.

ते परत बाकाशी आले तेव्हा आईने शर्ट पिशवीत टाकला, सुई कॉलरमागे खोचली आणि खाली वाकून मास्तरांच्या बुटांच्या लेस सोडायला घेतल्या. रोज सकाळी बांधायची तीच, त्यामुळे हात सराईत होते.

"अगं, काय करतेस?"

"एकशे चौसष्ट," आई लेसकडे बघत म्हणाली. "सकाळी. संध्याकाळी अर्धा कमी. तुमच्या पँटी काय आपोआप आखूड होतात, अहो?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर, शिकाऊ पोराने न सांगता अवघड जागी गाडी लावून दाखवावी, तसं काहीतरी होतं.

"कधीपासून माहितीय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या पँटीपासून." आईने दुसरा बूट ओढला. "आणि मीही काही एकशे अडुसष्ट नाही. उंच मुलीला तेव्हा दोनतीन सोडावेच लागायचे. तुम्ही आठ वाढवले, मी तीन कमी केले, तरी भागेना, म्हणून तेहतीस वर्षं वाकून चालतेय. माझ्या पाठीचं कुणी गुणपत्रक काढत नाही म्हणून बरं."

ती उभी राहिली. सरळ. फुंकणीने आपल्या आईला पूर्ण उंचीत तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि तिला उगाचच एखाद्या पाहुण्या बाईशी बोलताना व्हावं तसं अवघडल्यासारखं झालं. मास्तर मोज्यांवर उभे होते. त्यांनी मान वर करून बायकोकडे बघितलं.

"बरीच आहेस की," ते म्हणाले.

भोंग्याने त्यांना भिंतीशी उभं केलं, टाचा टेकवल्या, पट्टी डोक्यावर आणली. फुंकणी काचेकडे पाठ करून उभी होती. एकशे चौसष्ट, भोंगा त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, आणि ते बाहेरच्या बाकावर सगळ्यांना कळलं.

पुन्हा फुंकायची गरज नव्हती. लिटर तेच. फक्त एक आकडा बदलून मशीनला पुन्हा हिशोब करायला सांगितलं. अठ्ठेचाळीसचे चोपन्न झाले. चौतीसचे सदतीस झाले. दोन गुण इथले गेले, दोन तिथले एकावर आले, असं भोंगा घाईत चुकीचं म्हणाला आणि फुंकणीने दुरुस्त केलं, दोन्हीकडचा एकेक गेला. सहाचे चार. दुसरा गट. शंभरातले सोळा.

ती कागद घेऊन अक्षरशः पळत डॉक्टरीणबाईंकडे गेली. चाराला वीस मिनिटं होती. डॉक्टरीणबाईंनी आधी भोंग्याची सही पाहिली, मग उंची, मग तिच्याकडे पाहिलं. मोजली कुणी, तू कुठे होतीस, हे विचारलं. मग मास्तरांचं नाव यादीत लिहिलं. फुंकणी जायला वळली तेव्हा त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा कागदही नीट करून ठेव."

"केला मी." तो तिने जिन्यातच तोंडी केला होता. तिथेही एकशे बहात्तरच होतं. साठ होते, ते सदुसष्ट झाले. सदुसष्टचे वर्षात चोपन्न. सकाळपर्यंत वर्षात बारा टक्के उतरले होते, आता नीट मोजल्यावर तेरा.

"मग तुला कळलंच असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोजपट्टी सुधारली. फुप्फुस सकाळी होतं तेवढंच आहे."

कळलं, असं ती म्हणाली.

खाली भोंगा दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर मांडून बसला होता. चोपन्नवर त्याने भोवती गोल काढला होता. चार वर्षं तुझं हे काय चालतं ते मला आज समजलं, तू माणसांना टक्क्यात बघतेस, असं तो म्हणाला, आणि त्याला ते कौतुक वाटत होतं. नळ्या त्याच्याकडेच आल्या होत्या. तीन महिन्यांनी मास्तर पुन्हा तपासणीला येणार, तर त्याचा अंदाज आत्ताच लिहून ठेवायचा का, असं त्याने एक कोरी चिठ्ठी पुढे सरकवत विचारलं. मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं आणि त्याने चिठ्ठी मागे घेतली.

मास्तर औषधाच्या फॉर्मवर सह्या करून खुर्चीतून उठले. वाकड्या बोटांनी उंचीच्या रकान्यात त्यांनी एकशे चौसष्ट स्वतःच लिहिलं होतं आणि खाली दोनदा रेघ मारली होती. आता ते सोळा जण कोण हे शोधायचं होतं, पण ते तुलनेने सोपं जाणार होतं, थोडेच होते. बूट त्यांनी पुन्हा घातलेच नाहीत. ते आईच्या हातात होते आणि आई ताठ चालत होती, त्यामुळे बूट बऱ्याच उंचावर होते. दोघं खुर्चीपासून दाराकडे निघाले.

एक, दोन, तीन.

फुंकणीच्या डोळ्यांनी परस्पर मोजायला घेतलं होतं. चौथ्या फरशीवर मास्तरांचा हात आईच्या कोपराला लागला. पाचव्यावर ते काहीतरी बोलत होते. सहाव्यावर बोलणं थांबलं.

तिने भोंग्याच्या हातातून नळ्यांचा ट्रे काढून घेतला. अगं, तू जिंकलीस, असं तो म्हणत राहिला, पण ती बेसिनकडे गेली. बेसिनसमोर भिंत होती, दिसण्यासारखं काही नव्हतं. तिने नळ मोठा सोडला, आणि मागे पावलं वाजायची थांबली की नाही ते ऐकू येऊ नये म्हणून आणखी मोठा.